फर्नेसची पावती

मार्चचा शेवटचा आठवडा हिशेब बघणाऱ्यांना भारतात जसा जातो, तसाच कॅनडातही जातो. इथल्या केंद्र सरकारचं आर्थिक वर्षही ३१ मार्चलाच संपतं. मी विनिपेगमधल्या एका छोट्या फर्ममध्ये जमाखर्चाचं काम करते. पुण्यात बी. कॉम. करताना हौसेनं फ्रेंच शिकले होते, त्यामुळे आमच्या मॅनिटोबा प्रांतातल्या फ्रेंचभाषक संस्थांच्या फायली आपोआप माझ्या टेबलावर येतात. ही गोष्ट २०२५ च्या मार्चमधली.

विनिपेगच्या दक्षिणेला, रेड नदीच्या काठाकाठानं तासभर गेलं की एक छोटं गाव लागतं. जुन्या कॉन्व्हेंटच्या इमारतीत तिथली सांस्कृतिक समिती चालते. एक वाचनालय, वर्षाला दोन नाटकं, शनिवारी सकाळी लहान मुलांना फ्रेंचमधून गोष्टी. पगारी माणूस एकच, तोही अर्धवेळ. बाकी सगळे आपापली कामं सांभाळून येणारे. अध्यक्ष ८८ वर्षांच्या. त्यांना सगळे ‘मादाम’ म्हणतात, मीही तेच म्हणते.

केंद्र सरकारच्या निधीचा शेवटचा अहवाल भरायला मी गेले, तेव्हा बाहेर उणे अठरा होतं आणि आत छान उबदार. व्हाउचर लावता लावता एका बिलावर हात थांबला. नवी फर्नेस, म्हणजे इमारत तापवणारं यंत्र, ६,१८० डॉलर. जानेवारीत जुनी बंद पडली, नाटकाच्या तालमी चालू होत्या, पाइप गोठायची भीती होती. समितीनं नाटकाच्या प्रकल्पासाठी आलेल्या पैशांतून नवी बसवून घेतली होती.

इथे थोडं समजावून सांगायला हवं. १९६९ च्या राजभाषा कायद्यानं कॅनडाच्या केंद्र सरकारात इंग्रजी आणि फ्रेंचला बरोबरीचा दर्जा मिळाला. क्वेबेकमध्ये इंग्रजी बोलणारे अल्पसंख्य आणि क्वेबेकबाहेर फ्रेंच बोलणारे. या दोन्ही अल्पसंख्य समाजांना बळ देणं ही सरकारची जबाबदारी, आणि २००५ पासून त्यासाठी सक्रिय पावलं उचलणं हे कायदेशीर कर्तव्य. २०२३ ते २०२८ या पाच वर्षांच्या कृती आराखड्याची रक्कम ४.१ अब्ज डॉलर आहे. आकडा ऐकून वाटतं, पैशाला तोटा नाही. पण त्यातून शाळा, दुसऱ्या भाषेचं शिक्षण, आरोग्य, स्थलांतर असं बरंच काही चालतं, आणि गावातल्या समितीपर्यंत येताना हातात काही हजार उरतात. शिवाय त्या पैशांचे प्रकार असतात. नुसतं अनुदान मिळालं, तर पात्रता दाखवली की पुरे, नंतर बिलागणिक हिशेब मागत नाहीत. अंशदान मिळालं, तर करारात लिहिलेल्या खर्चापलीकडे एक डॉलर हलवता येत नाही. आणि अंशदान प्रकल्पाचं असलं, तर ते नाटकाचं, महोत्सवाचं, कार्यशाळेचं असतं. इमारतीचं नसतं.

मी मादामना सांगितलं, ‘हे बिल प्रकल्पात धरता येणार नाही. ३१ तारखेच्या आत एवढी रक्कम समितीच्या स्वतःच्या खात्यातून भरून काढावी लागेल, नाहीतर सरकारला परत करावी लागेल.’

त्या चिडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, ‘पोरी, फर्नेस नसती तर नाटक कुणासमोर केलं असतं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी फाइल पुन्हा पहिल्यापासून चाळली. प्रवासाच्या रकान्यात मंजूर पैसे तसेच पडून होते. नट विनिपेगहून आले होते, चार आठवडे, आठवड्यातून दोनदा. त्यांना आणलं कुणी? गावातल्या तीन शेतकऱ्यांनी, स्वतःच्या ट्रकमधून. मी म्हटलं, त्यांच्याकडून किलोमीटर लिहून घ्या, समितीनं त्यांना पैसे द्यावेत, हा खर्च पूर्ण नियमात बसतो. मादामनी त्यांतल्या एकाला माझ्यासमोर फोन लावला. दोन वाक्यं बोलून ठेवून दिला. ‘तो विचारतोय, शेजाऱ्याकडून पेट्रोलचे पैसे घ्यायचे का? नको म्हणतो.’ दुसऱ्यानंही नको म्हटलं. तिसरा म्हणाला, असलं काही पुन्हा विचारू नका.

त्या नकारासाठी अहवालात एकच जागा असते. संस्थेनं पैशाविना काय काय दिलं, त्याचा रकाना. मराठीत त्याला सरळ श्रमदान म्हणतात. मी तास विचारत गेले, किलोमीटर विचारत गेले, आणि तो रकाना इतका भरला की त्याची बेरीज सरकारनं दिलेल्या रकमेच्या वर गेली.

मग मी हा निधी सांभाळणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला फोन केला. बोलणं अर्थातच फ्रेंचमध्ये झालं. माणूस समंजस होता, घाईतही शांतपणे ऐकून घेत होता. म्हणाला, फर्नेस भांडवली खर्च, तिला मी हात लावू शकत नाही. पुढच्या वर्षी मूळ कामकाजासाठीच्या निधीला अर्ज करा, त्यात भाडं, वीज, तापवण्याचा खर्च, पगार धरता येतो. पण यंत्र विकत घेणं त्यातही बसत नाही.

हिशेब तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम आहे आणि सार्वजनिक पैशाला नियम असलेच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. तरीही त्या दिवशी मला पटलं की आपण भाषेला मदत करताना चुकीची गोष्ट मोजतो. किती प्रेक्षक आले, किती पत्रकं छापली, हे अहवालात विचारतात. दार रोज उघडं राहिलं का, आत बसण्याइतकी ऊब होती का, हे कुणी विचारत नाही. भाषा टिकते ती या दुसऱ्या गोष्टीवर. क्वेबेकबाहेर फ्रेंचभाषकांचा वाटा १९७१ मध्ये ६.१ टक्के होता, २०२१ च्या जनगणनेत तो ३.५ टक्क्यांवर आला. तो पूर्वपदावर नेण्याची भाषा आता धोरणात आहे, त्यासाठी क्वेबेकबाहेर फ्रेंच येणाऱ्या स्थलांतरितांची उद्दिष्टं दरवर्षी वाढवली जाताहेत. उद्या ती कुटुंबं या गावात आली, तर शनिवारी सकाळी मुलांना घेऊन ती याच इमारतीत येणार.

फोन ठेवला तेव्हा मादाम आतल्या खोलीतून बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेऊन आल्या. त्यात त्यांच्या आईचे कागद होते. शाळेतले दिवस त्या सांगू लागल्या. १८७० मध्ये मॅनिटोबा प्रांत झाला, तेव्हा विधिमंडळात आणि कोर्टात फ्रेंचला इंग्रजीइतकाच मान होता. १८९० मध्ये प्रांतानं तो काढून घेतला आणि १९१६ मध्ये शाळेत फ्रेंचमधून शिकवणंही बंद केलं. मादाम शाळेत गेल्या तेव्हा बंदी होतीच. ‘सपाट मुलूख. तपासनिसाची गाडी मैलभर आधी धुळीवरून कळायची. खिडकीशी बसलेली मुलगी खाकरायची आणि आमची फ्रेंचची पुस्तकं डेस्कच्या आत जायची. खिडकीशी मीच बसायचे.’

पण पुस्तकं यायची कुठून? सरकारकडून तर नाहीच. फ्रेंचभाषकांनी १९१६ मध्येच स्वतःची शिक्षण संघटना काढली होती. ती फ्रेंचच्या परीक्षा घ्यायची, बक्षिसं द्यायची, आणि खर्च लोकांच्या वर्गणीतून चालायचा. १९४६ मध्ये विनिपेगला लागून असलेल्या सेंट बोनिफेसला पश्चिम कॅनडातलं पहिलं फ्रेंच रेडिओ केंद्र सुरू झालं, तेही लोकांच्या वर्गणीतून. डब्यात त्या वर्गणीची पावती होती. आईच्या नावाची, एक डॉलरची. घडीवर फाटत आलेली.

मी बेळगावची. आमच्या आजोबांच्या कपाटात वाचनालयाच्या वर्गणीच्या पावत्या अशाच घडी करून ठेवलेल्या असत. १९५६ नंतर आमचं गाव दुसऱ्या भाषेच्या राज्यात गेलं, त्या आधीच्याही आणि नंतरच्याही. ती पावती हातात घेतल्यावर बराच वेळ मला काही बोलता येईना.

‘ही अहवालाला जोडायची का?’ मादामनी विचारलं. त्या थट्टा करत नव्हत्या. मी सांगितलं, जोडता येणार नाही. त्यांनी ती डब्यात परत ठेवली, डायरी काढली आणि फोनजवळ बसल्या.

दुपारी दोनपासून संध्याकाळी सातपर्यंत त्या फोन करत होत्या. प्रत्येकाला तेच सांगत होत्या, फर्नेसचं चुकलं, पैसे भरायचे आहेत, किती देतोस? लोक दारात गाडी उभी करून, बूट न काढताच पाकीट देऊन जात होते. पेट्रोलचे पैसे नाकारणाऱ्यांपैकी एकानं ५०० डॉलरचा चेक आणला. कुणाच्या नातवानं नाण्यांची बरणी आणली, ती आम्ही टेबलावर ओतून मोजली. त्या रात्री साडेचार हजारांच्या जवळ जमले, बाकीचे शुक्रवारपर्यंत आले.

मादामचा एकच आग्रह होता. प्रत्येकाला पावती मिळालीच पाहिजे, पाच डॉलर दिले असले तरी. पावतीपुस्तक मी लिहायला घेतलं, कारण माझं अक्षर त्यांना आवडलं. पहिलं पान त्यांच्या स्वतःच्या नावाचं. रक्कम २०० डॉलर.

‘कशासाठी’ या रकान्यात काय लिहू, मी विचारलं.

‘शोफाज,’ त्या म्हणाल्या. ऊब.