१ मे : वेताच्या तलवारी

१ मे, रात्री उशिरा

आज सकाळपासून फोनवर दोन प्रकारच्या शुभेच्छा येताहेत. एक मराठी मंडळाच्या गटावर, महाराष्ट्र दिनाच्या. दुसऱ्या आमच्या जुन्या लढवय्यांच्या, म्हणजे मध्ययुगासारखी चिलखतं घालून वेताच्या तलवारींनी लढणाऱ्या आमच्या संस्थेतल्या, संस्थेच्या वाढदिवसाच्या. माझ्या आयुष्यात या तारखेला दोन वाढदिवस असतात आणि दुसऱ्याबद्दल मी मराठीत कधीच काही लिहिलेलं नाही. आज लिहायचंच.

१ मे १९६६. कॅलिफोर्नियातलं बर्कली. डायना पॅक्सन ही मध्ययुगाचा अभ्यास केलेली, पुढे कादंबरीकार म्हणून नावारूपाला आलेली तरुणी. तिच्या घराच्या परसात मित्रमंडळी जमली आणि तिथे पहिली टूर्नामेंट झाली. प्लायवूडच्या तलवारी, कापूस-चिंध्या गुंडाळलेल्या गदा, डोक्यावर फेन्सिंगचे जाळीदार मुखवटे, अंगावर जमेल तसा जुन्या काळचा पोशाख. शेवटी सगळे एक जुनं इंग्रजी गाणं म्हणत टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूवरून मिरवत गेले. विसाव्या शतकाचा निषेध म्हणे! पुढच्या लढतींसाठी एक बाग राखून ठेवायची होती, अर्जावर संस्थेचं नाव हवं होतं, तेव्हा लेखिका मॅरियन झिमर ब्रॅडली यांनी ‘सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रॉनिझम’ हे लांबलचक नाव सुचवलं. १९६८ मध्ये ब्रॅडली न्यूयॉर्कला गेल्या आणि तिकडे ‘पूर्वेचं राज्य’ उभं राहिलं. संस्थेच्या विभागांना आम्ही राज्यं म्हणतो, आणि प्रत्येकाला आपला राजा असतो. आमच्या संस्थेचं वर्ष अजूनही १ मेलाच सुरू होतं.

मी यात आले ती नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, पिट्सबर्गला शिकत असताना. विद्यापीठाजवळच्या मैदानावर रविवारी काही लोक चिलखतं घालून एकमेकांना बडवत होते. मी थबकले ती त्यांच्या हातातल्या काठ्या बघून. तो वेत होता. चांगला सव्वा इंच जाडीचा, वरून चंदेरी डक्ट टेप गुंडाळलेला. मी कोल्हापूरची. शिवजयंतीच्या मिरवणुकीत तालमीतली पोरं फरी-गदगा खेळायची, एका हातात चामड्याची ढाल आणि दुसऱ्या हातात चामडं चढवलेली वेताची काठी. लहानपणी मी तासन्‌तास ते बघत उभी राहायचे. हातात घ्यायला मात्र कुणी दिलं नव्हतं. इथे एका माणसाने विचारलं, “ट्राय करायचंय?” आणि ती काठी सरळ माझ्या हातात दिली.

तो आमच्यातला नाइट, म्हणजे लढण्यातल्या कौशल्यासाठी मान मिळालेला. कमरेला पांढरा पट्टा, म्हणून सगळे त्याला ‘सर’ म्हणायचे. मीही म्हणायचे, आणि कोल्हापुरात शाळेतल्या सरांना म्हणायचे त्याच आदराने. सर सत्तरच्या दशकापासून लढत होते. त्यांच्या गॅरेजमध्ये एका फळीवर त्यांचं पहिलं शिरस्त्राण ठेवलेलं होतं. एसीत भरायच्या फ्रिऑन गॅसची ती रिकामी टाकी होती. खालून कापलेली, समोर चौकोनी खिडकी पाडून त्यावर सळ्या वेल्ड केलेल्या, आतून गादीच्या फोमचे तुकडे चिकटवलेले. सळ्यांवर वेल्डिंगचे थेंब तसेच घट्ट बसलेले होते. एका बाजूला बशीएवढा पोचा, आणि त्याच्या कडेने मूळचा हिरवट रंग अजून शिल्लक. सर सांगायचे, त्या काळात विकत काहीच मिळत नसे. छातीला जुन्या गालिच्याचे तुकडे, ढालीला प्लायवूड, ढालीच्या कडेला उभा चिरलेला बागेतला पाण्याचा पाइप. फटक्यांना जोर येत गेला तसे जाळीचे मुखवटे मागे पडले आणि पोलादी शिरस्त्राणं आली. आता नियमच आहे, सुमारे दीड मिलिमीटर जाडीचं पोलाद हवं.

वेतच का, हेही सरांनी त्याच गॅरेजमध्ये दाखवलं. साधं लाकूड मोडलं की अणकुचीदार तुकडा निघतो आणि तो सळ्यांमधून थेट डोळ्यात जाऊ शकतो. वेत तसा मोडत नाही. मार खाऊन खाऊन त्याचे तंतू सुटत जातात, टोक जुन्या केरसुणीसारखं पिंजतं. वापरून संपलेली तलवार त्यांनी माझ्या हातात दिली आणि टेप सोलायला सांगितली. आतून भुसा सांडला आणि नरम पडलेले धागे बाहेर आले. बोटाने चाचपून बघितलं, एकही टोक टोचलं नाही. मला त्या माणसांचं फार कौतुक वाटलं. परसातल्या एका खेळातून सुरुवात करून, एकमेकांना खरोखर जोरात मारता येईल आणि तरी सोमवारी सगळे धडधाकट कामावर जातील, असं काहीतरी त्यांनी शोधून काढलं होतं.

पण मी या खेळात राहिले ती वेतामुळे नाही. इथे फटका बसला की नाही हे ज्याला बसला तोच ठरवतो. मैदानावर मार्शल असतात, ते सुरक्षितता बघतात, काही गडबड दिसली की “होल्ड!” ओरडतात आणि सगळे जागच्या जागी थांबतात. पण तू मेलास असं ते कुणाला सांगत नाहीत. समोरच्याच्या अंगावर कड्यांचं चिलखत आणि नाकावर पट्टी असलेलं उघडं शिरस्त्राण आहे असं धरायचं. त्यातून खरी तलवार भेदून गेली असती का, हे त्यानेच स्वतःला विचारायचं. गेली असती तर “गुड!” म्हणायचं आणि खाली पडायचं. हात गेला तर तो पाठीमागे घ्यायचा. मांडीवर बसला तर गुडघ्यावर बसून लढायचं. मनगटाच्या पुढे आणि गुडघ्याच्या खाली मारायचं नाही.

एका स्पर्धेत माझ्यासमोर एक धिप्पाड लढवय्या होता. पुढच्या फेरीत जायला त्याला एवढीच लढत जिंकायची होती. झटापटीत आम्ही ढालीला ढाल भिडवली, मी मनगट फिरवून तलवार त्याच्या शिरस्त्राणाच्या मागच्या बाजूला नेली. आवाज झाला, पण दोन्ही ढालींच्या गर्दीत तो कशाचा हे मलाच कळलं नाही. मार्शल दुसऱ्या बाजूला उभे. बघणाऱ्यांपैकी कुणाला काही दिसलं नाही. मी पुन्हा पवित्रा घेतला आणि तो म्हणाला, “गुड,” आणि आडवा झाला. मी वाकून विचारलं, “नक्की?” तो खालूनच म्हणाला, “डोकं माझं आहे, मला कळतं.” उठला, हात मिळवला आणि पाणी प्यायला गेला. मी नंतर बऱ्याच लढती जिंकले, हरले, पण मला विचाराल तर या खेळातलं सगळ्यात मोठं मी त्या दिवशी बघितलं.

ऑगस्टमध्ये पेन्सिक युद्ध, आमच्या संस्थेचा मोठा वार्षिक मेळावा. पिट्सबर्गच्या उत्तरेला स्लिपरी रॉकजवळ कूपर्स लेकच्या काठी तंबूंचं गाव उभं राहतं, दहा हजारांहून जास्त माणसं. पहिलं पेन्सिक १९७२ चं. त्याची कथा तिथे प्रत्येक शेकोटीजवळ सांगतात: मध्य राज्याच्या राजाने पूर्वेविरुद्ध युद्ध पुकारलं, मग स्वतःच मुक्काम हलवून पूर्वेत आला, तिथला राजा झाला आणि आपणच पुकारलेलं युद्ध हरला. त्या उन्हात चिलखतात उभं राहणं म्हणजे काय ते सांगून कळायचं नाही. मधल्या विश्रांतीत पाणीवाले येतात, संत्र्याच्या फोडी आणि काकडीचं लोणचं देतात. घामाने मीठ गेलेलं असतं, त्या लोणच्यासारखं चविष्ट मी दुसरं काही खाल्लेलं नाही.

आमच्यात प्रत्येक जण जुन्या काळातलं एक नाव घेतो. मी नाव घेतलं होतं महदाइसा. तेराव्या शतकातली आपली कवयित्री. मैदानाबाहेर पुकारणारा माझं नाव मोठ्याने उच्चारायचा, मग दोघांकडून तीन नमस्कार करवून घ्यायचा: राजसिंहासनाला, ज्याच्यासाठी लढतोय त्याला आणि शेवटी समोरच्याला. माझ्या पट्ट्यात आईच्या इरकलीच्या काठाची पट्टी खोचलेली असायची, त्यामुळे दुसरा नमस्कार कुणाला हा प्रश्नच नव्हता.

अलीकडे बोथट पोलादी तलवारींनी लढायचा प्रकार जोरात आहे. २०१० मध्ये युक्रेनमधल्या खोतिनच्या किल्ल्यात ‘बॅटल ऑफ द नेशन्स’ सुरू झालं. तिथे गटाच्या लढतीत माणूस जमिनीवर पडला की बाद, पंच बघतात. त्या पोरांची ताकद आणि धाडस मला मनापासून आवडतं, व्हिडिओ आले की मी बघतेच. पण तिथे फटका घेणाऱ्याला काही ठरवायचं नसतं. मला ते अपुरं वाटतं, आणि हे मत बदलेल असं वाटत नाही.

खांद्याने साथ सोडल्यापासून मी लढत नाही, मार्शलचं काम करते. नवीन मुलांना स्पर्धेत उतरण्याआधी परवानगी लागते, ती परीक्षा आम्ही घेतो. मारता किती छान येतं यापेक्षा बसलेला फटका मान्य करता येतो का, हे मी जास्त बारकाईने बघते. या रविवारी एका कॉलेजातल्या मुलीची परीक्षा आहे. तिचा डावा फटका फार सुंदर आहे. तिला शिरस्त्राण सैल होतंय, आत आणखी फोम लावायला हवा. उद्या कामावरून येताना घेऊन येईन.