ड्रायर फिरतो, पण टॉवेल ओलेच

ड्रायर साफ बंद पडला तर निर्णय सोपा असतो. माणूस बोलवा, नाहीतर नवा घ्या. डोक्याला ताप होतो तो अर्धवट चालणाऱ्या ड्रायरचा. ड्रम फिरतोय, आवाज नेहमीचाच, घड्याळ पुढे सरकतंय, आणि तासाभराने दार उघडावं तर टॉवेल ओलेच. आमच्या बेसमेंटमधल्या गॅसच्या ड्रायरने ऐन डिसेंबरात हे सुरू केलं. आम्ही शिकागोच्या पश्चिमेला राहतो. तिथल्या डिसेंबरात बाहेर दोरीवर टाकलेला पंचा वाळत नाही, ताठ उभा राहतो.

त्यात सासूबाई आलेल्या. सोलापूरच्या माणसाने परदेशी जाताना बॅगेत काय भरावं याबद्दल शंका नसते, त्यामुळे घरात दोन नव्या सोलापुरी चादरी. नव्या चादरीचं पहिलं धुणं म्हणजे लिंटचा, म्हणजे कपड्यांतून सुटणाऱ्या बारीक तंतूंचा, पाऊस, आणि पाणी धरून ठेवण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. एक चादर दोनदा फिरवूनही गार गोळा होऊन बाहेर आली, तेव्हा आई म्हणाल्या, "अगं, एवढा गॅस जाळून ओलंच काढायचं तर दोरी काय वाईट?" खरं सांगायचं तर वाईट नाहीच. हिवाळ्यात हीटिंगमुळे घरातली हवा इतकी कोरडी असते की बेसमेंटमधल्या दोरीवर सुती कपडे रात्रीतून वाळतात, वर हवेला जरा ओलावाही मिळतो. त्यांनी दोरी बांधून घेतली. मी मात्र ड्रायरच्या मागे लागले, कारण गॅसवर चालणारं यंत्र नीट तापत नसेल तर ते का, हे कळल्याशिवाय ते चालू ठेवणं मला पटत नाही.

दुरुस्तीवाल्याला फोन केला. पलीकडच्या माणसाने मशीनचं वय विचारलं आणि बाकी काही न विचारता "नवीन घ्या" असं सांगितलं. वय विचारायच्या आधी त्याने एक प्रश्न विचारायला हवा होता: ओले राहिलेले कपडे हाताला गरम लागतात की गार?

या एका प्रश्नात अर्धं निदान आहे. ड्रायर हे मुळात वाऱ्याचं यंत्र आहे. आग फक्त हवा तापवते. कपड्यांतलं पाणी उचलून घराबाहेर नेण्याचं काम पंख्याने ओढलेली हवा करते. हवेचा रस्ता तुंबला असेल तर उष्णता आतच कोंडते, मशीनचा वरचा पत्रा चटके द्यायला लागतो, कपडे वाफाळलेले गरम पण ओले निघतात. आत फार तापलं की थर्मोस्टॅट, म्हणजे तापमानावर लक्ष ठेवणारा खटका, बर्नर बंद करतो, म्हणजे वेळही वाढतो. उलट हवा जोरात वाहतेय पण आगच लागत नसेल, तर कपडे पंख्याखाली पडून राहिल्यासारखे गार आणि ओले. आमच्या तक्रारीत दोन्हीची भेसळ होती. सुरुवातीला मशीन भलतंच गरम, आणि अर्ध्या तासाने गार. म्हणून आधी हवा, मग आग, असा क्रम मी ठरवला. यात हवेचं काम स्वस्त असतं आणि ते केव्हातरी करायचंच असतं.

लिंटची जाळी आम्ही प्रत्येक वेळी झाडतो, पण झाडलेली जाळी मोकळी असतेच असं नाही. ड्रायर शीट, म्हणजे कपडे मऊ व्हावेत म्हणून ड्रममध्ये टाकायचे कागद, वापरणाऱ्या घरांत जाळीवर एक न दिसणारा मेणचट थर बसतो. जाळी नळाखाली आडवी धरा. पाणी सरळ आरपार गेलं तर ठीक. आमच्या जाळीवर ते तळं करून बसलं. भांड्यांचा साबण, जुना टूथब्रश, गरम पाणी, एवढ्यात ती सुधारली. हात ओला होताच म्हणून ड्रमच्या आतल्या ओलावा ओळखणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्याही स्पिरिटच्या बोळ्याने पुसल्या. त्यांच्यावर तोच मेणचटपणा बसला की ऑटो ड्रायचा अंदाज चुकतो आणि ओले कपडे वाळले समजून मशीन मध्येच थांबतं.

खरी घाण मशीनच्या मागे. हवा बाहेर नेणाऱ्या डक्टचा भिंतीपर्यंतचा तुकडा आधीच्या मालकाने चांदीच्या कागदासारख्या मऊ नळीचा लावलेला, आणि मशीन मागे ढकलता ढकलता ती नळी चेपून चपटी झालेली. असल्या मऊ फॉइलच्या आणि पांढऱ्या प्लॅस्टिकच्या नळ्या ड्रायरला लावूच नयेत. चेपतात, त्यांच्या वळ्यांत लिंट अडकतं, आणि पेटलं तर त्या आग अडवत नाहीत. 4 इंची कडक धातूचा डक्ट सगळ्यात उत्तम, जागा अडचणीची असेल तर अर्धकडक अ‍ॅल्युमिनियमचा. लांबीलाही मर्यादा आहे. इथल्या निवासी बांधकाम संहितेप्रमाणे साधारण 35 फूट, आणि प्रत्येक काटकोनी वळणाला त्यातले 5 फूट वजा धरायचे. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तो पाळायचा. आमचा डक्ट छताच्या तुळयांमधून तीन वळणं घेत बाहेर जातो, म्हणजे लांबीला 15 फुटांची कात्री आधीच लागलेली. ड्रिलला जोडायचा लांब दांड्याचा ब्रश आणून तो आतून फिरवला. जे निघालं त्यात आमचं आणि बहुधा आधीच्या मालकाचंही धुणं होतं. बाहेरच्या भिंतीवरच्या झडपेच्या पाकळ्या लिंटने चिकटून अर्ध्याच उघडत होत्या, त्या सोडवल्या. त्या तोंडाला बारीक जाळी मात्र लावायची नाही, पक्षी घरटं करतील ही भीती असली तरी. जाळीत लिंट अडकून तोंडच बंद होतं.

अमेरिकेच्या अग्निशमन प्रशासनाने 2008 ते 2010 या काळाचा हिशेब काढला होता. घरगुती ड्रायरच्या आगी वर्षाला सुमारे 2,900, आणि त्यांचं सर्वांत मोठं कारण साफसफाई न करणं, 34 टक्के. मशीनमागून ओंजळी भरभरून लिंट काढताना हा आकडा आठवतोच.

या सगळ्याने चटके बसणं थांबलं. बाहेर वारा जोरदार, पाकळ्या आडव्या उघडलेल्या. पण टॉवेल अजून ओलेच, आणि आता गार! म्हणजे भेसळीतला एक भाग गेला, दुसरा उघडा पडला.

इथे एक सावधगिरी. विजेच्या ड्रायरवाले कधीकधी मागची नळी सोडून मशीन चालवून बघतात, हवेचा दोष आहे का ते कळायला. गॅसच्या ड्रायरवर हा प्रयोग करू नये. त्याच्या धुराड्यातून जळलेल्या गॅसची हवा येते, कार्बन मोनॉक्साइडसकट, आणि ती घरात सोडायची नसते. मी त्याऐवजी दही लावताना वापरते तो दांड्याचा थर्मामीटर घेतला, जाकीट चढवलं आणि बाहेरच्या झडपेत तो धरून उभी राहिले. शेजारच्या आजोबांनी खिडकीतून बघितलं, पण विचारलं काही नाही. धडधाकट ड्रायरची हवा तिथे साधारण 120 ते 160 फॅरनहाइटच्या दरम्यान वरखाली होत राहते. बर्नर लागतो, तापमान चढतं, बर्नर थांबतो, थोडं उतरतं, पुन्हा लागतो. आमचा आकडा झकास चढला, मग उतरायला लागला, आणि उतरतच राहिला.

म्हणजे आग पहिल्यांदा लागते. दुसऱ्यांदा लागत नाही.

आता आत बघणं आलं. आमच्या मॉडेलला लिंटची जाळी वरच्या पत्र्यात आहे आणि खाली पावलांपाशी एक पट्टी आहे. पुट्टी लावायची चपटी सुरी फटीत सरकवली की तिची क्लिप सुटते. आत डावीकडे बर्नर. पोटावर झोपून, टॉर्च बंद करून, मशीन चालू केलं. हे दृश्य प्रत्येक गॅस ड्रायरवाल्याने एकदा बघावं. आधी गॅस पेटवणारी कांडी, म्हणजे इग्नायटर, तापतो, नारिंगी, मग जवळजवळ पांढरा. बर्नरच्या नळीला बाहेरून चिकटवलेला छोटा सेन्सर ती धग ओळखतो आणि त्याचा आतला संपर्क सुटतो. त्याच क्षणी 'टक्' आवाज येतो, गॅसची झडप उघडते आणि 'भप्प' करून निळी ज्योत आडवी धावते. इग्नायटर विझतो, त्याचं काम झालेलं असतं.

पहिल्या खेपेला हे सगळं पाठ केल्यासारखं झालं. ज्योत पुरेशी जळली, थर्मोस्टॅटने थांबवली. काही मिनिटांनी इग्नायटर पुन्हा पेटला, पांढरा झाला, विझला, आणि पुढे काहीच नाही. 'टक्' नाही, ज्योत नाही. अंधार. थोड्या वेळाने सेन्सर गार होऊन इग्नायटर परत लाल. परत विझला. तासभर बसले असते तरी हाच खेळ चालला असता, आणि वरती ड्रममध्ये आईंची चादर गार वाऱ्यात गरगरत होती.

यातून दोष कुठे आहे हे जवळजवळ नावानिशी कळतं. इग्नायटर लालच झाला नसता तर तो तुटलेला, किंवा त्याच्या आधीचा थर्मल फ्यूज (फार तापलं की तुटणारा) अथवा थर्मोस्टॅट गेलेला. लाल होऊन तसाच लाल राहिला असता तर सेन्सर खराब. लाल होऊन, वेळेवर विझून, गॅस मात्र आला नाही, म्हणजे दोष गॅसची झडप उघडणाऱ्या कॉइलचा, तारेच्या गुंडाळ्यांचा. झडपेच्या डोक्यावर दोन कॉइल बसवलेल्या असतात, एक तीन पिनांची आणि एक दोन पिनांची. आतली बारीक तार जुनी झाली की थंड असताना जोडलेली राहते आणि तापली की कुठेतरी सुटते. गार झाली की परत जुळते.

म्हणूनच तारेचा विद्युतरोध मोजणारा मल्टिमीटर इथे फसवा ठरतो. मी प्लग काढून, सगळं थंड झाल्यावर कॉइल मोजल्या. काहीशे ते तेराशे-चौदाशे ओहम, जसे हवेत तसे. मीटरच्या दृष्टीने दोन्ही ठणठणीत. डॉक्टरांच्या दारात पाऊल टाकलं की दाढ दुखायची थांबते, तसला हा बिघाड. इंटरनेटवर 'सगळे पार्ट तपासले, सगळे बरोबर आहेत, तरी तापत नाही' असं लिहिणारे लोक भेटतात, त्यांतल्या बऱ्याच जणांनी थंड मशीन तपासलेलं असतं. मोजण्यापेक्षा बघणं इथे जास्त कामाचं. नवरा म्हणाला, "इग्नायटर, सेन्सर, कॉइल, तिन्ही मागव, एकदाच काय ते." मी फक्त कॉइलचा जोड मागवला. तो 25 डॉलरच्या आत आला. चांगला चाललेला इग्नायटर तर मुद्दाम काढूच नये. तो इतका ठिसूळ असतो की काढता-घालतानाच मोडायचा.

बदलणं अवघड नाही, पण अडचणीचं आहे. प्लग काढा, मागचा गॅसचा कॉक बंद करा. कॉइल झडपेवर बाहेरून टोपीसारख्या बसतात, त्यामुळे गॅसची नळी कुठेही उघडावी लागत नाही. मी हे घरी करायला धजले ते एवढ्याचसाठी. गॅसची जोडणी सोडवायची वेळ आली असती तर परवानाधारक माणूसच बोलावला असता. कॉइलवरची पट्टी दोन स्क्रूंनी धरलेली, आणि त्यांतला मागचा स्क्रू ज्याने तिथे बसवला त्याचे हात लहान मुलाचे असणार. बुटका स्क्रूड्रायव्हर लागतो. तारांचे प्लग वेगवेगळ्या पिनांचे असल्यामुळे उलटसुलट लागत नाहीत. पट्टी परत कसली, कॉक उघडला, गॅसचा वास नाही ना ते बघितलं, आणि पुन्हा पोटावर झोपले. पहिली ज्योत लागली, थांबली. इग्नायटर पांढरा झाला, 'टक्', आणि भप्प. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा तेच. सोलापुरी चादर एका फेरीत वाळली. आईंनी ती उलटून पालटून पाहिली आणि "शिवणीत जरा दमट आहे" म्हणाल्या. होतीही.

या नादात ड्रायरचा इतिहास वाचला तेव्हा एक गंमत कळली. पहिला घरगुती स्वयंचलित ड्रायर 1938 मध्ये बाजारात आला तो आमच्यापासून काही तासांवरच्या विस्कॉन्सिनमधल्या टू रिव्हर्स या गावातून. हॅमिल्टन मॅन्युफॅक्चरिंग ही कंपनी मूळची छपाईचे लाकडी टाइप बनवणारी. कल्पना नॉर्थ डकोटातल्या जे. रॉस मूर यांची, ज्यांना तिथल्या हिवाळ्यात कपडे बाहेर वाळत घालण्याचा वीट आला होता. यंत्राचं नाव ठेवलं होतं 'जून डे'. नॉर्थ डकोटाच्या थंडीत ते नाव कुणालाही पटलं असतं.

ज्यांच्याकडे विजेचा ड्रायर आहे त्यांना वरचं बर्नर पुराण लागू नाही, पण जाळी, डक्ट आणि बाहेरची झडप सगळं लागू आहे. त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी. इथला विजेचा ड्रायर 240 व्होल्टवर चालतो, पण त्याची मोटर त्यातल्या एका बाजूच्या 120 वर फिरते. दुसरी बाजू गेली की ड्रम आणि दिवा मजेत चालतात आणि उष्णता शून्य. घराच्या विजेच्या पॅनेलमध्ये ड्रायरचा ब्रेकर दोन जोडलेल्या खटक्यांचा असतो. तो वरून ठीक दिसत असला तरी एकदा पूर्ण बंद करून पुन्हा चालू करा. तेवढ्याने मशीन तापायला लागलं तर मेकॅनिकच्या फेरीचे पैसे वाचले. पण तो ब्रेकर पुन्हा पुन्हा पडत असेल तर मात्र थांबा आणि इलेक्ट्रिशियन बोलवा.