माल्टाचं हायपोजियम: आधी हे तिकीट, मग विमानाचं

माल्टाच्या सहलीत ऐनवेळी हमखास अडतं ते एकच: पाओला गावातल्या हाल सफ्लिएनी हायपोजियमचं, म्हणजे जमिनीखालच्या प्राचीन दफनभूमीचं तिकीट. आमच्या टूरवाल्याने कार्यक्रमात 'दिवस तिसरा: हायपोजियम' असं छापलं होतं. तिकिटाचं विचारलं तर "तिथे पोचल्यावर काढू" हे उत्तर. निघायच्या पाच आठवडे आधी मी स्वतः बघितलं तेव्हा आमच्या सहाही दिवसांत एक जागा शिल्लक नव्हती. तो राग अजून गेलेला नाही, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

हिशेब अगदी सरळ आहे. एका फेरीत 10 माणसं, दिवसाला फार तर 80. रोम, अथेन्स करून आलेल्या माणसाला हा आकडा खरा वाटत नाही, पण त्याला कारण आहे. हायपोजियम म्हणजे इसवी सनापूर्वी साधारण 4000 ते 2500 या काळात चुनखडीच्या खडकात जमिनीखाली कोरत नेलेली दफनभूमी. तीन मजले, सर्वांत खोल भाग साडेदहा मीटरांच्या आसपास. छतांवर लाल गेरूने काढलेली वलयं आणि नागमोडी नक्षी आहे. माणसांच्या श्वासाने आतली आर्द्रता आणि कार्बन डायऑक्साइड वाढतो, दिव्यांच्या उजेडात दगडावर शेवाळ धरतं आणि रंग जातो. म्हणूनच 1990च्या दशकात हे ठिकाण बंद ठेवून हवा नियंत्रित करण्याची व्यवस्था बसवली आणि 2000 साली ते पुन्हा उघडलं. या मर्यादेबद्दल माझी काहीच तक्रार नाही. तक्रार आहे ती ही मर्यादा गिऱ्हाइकापासून लपवणाऱ्यांबद्दल.

आता खरा पेच, आणि तो भारतातून जाणाऱ्यांनाच जास्त पडतो. माल्टाला शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला साधारण 15 दिवस धरतात, गर्दीच्या मोसमात जास्तही लागतात. बहुतेक लोक व्हिसा हातात आल्यावर बाकीची तिकिटं काढतात. हायपोजियमची तिकिटं मात्र उन्हाळ्यात दोन-तीन महिने आधीच संपतात. म्हणजे व्हिसाची वाट पाहिली की जागा गेली. आणि आधी काढावं, तर हे तिकीट परत होत नाही. व्हिसा नाकारला तर पैसे बुडाले. मी दोन्ही बाजूंनी विचार केला. माझं मत असं की पैसे अडकले तरी तिकीट आधी काढावं. व्हिसाच्या अर्जाबरोबर जो दिवसवार कार्यक्रम जोडतो, तो या तिकिटाच्या तारखेभोवतीच बसवावा. विमान आणि हॉटेल ही रद्द करता येतील अशीच घ्यावीत, म्हणजे जोखीम एका तिकिटापुरतीच राहते. सहलीच्या पहिल्या दिवसाची जागा घेऊ नये. विमान चुकलं की सगळंच गेलं. दुसरा किंवा तिसरा दिवस बरा.

जागा मिळाल्यावर पुढचा अडथळा कार्डाचा. भारतातली नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंदच असतात. 2020पासून रिझर्व्ह बँकेचा तसा नियम आहे. बँकेच्या ॲपमध्ये 'आंतरराष्ट्रीय' आणि 'ऑनलाइन' ही दोन वेगवेगळी बटणं असतात आणि दोन्ही चालू करावी लागतात. आम्ही एकच केलं होतं. त्याखाली रोजच्या खर्चाची मर्यादाही वेगळी असते, तीही चार तिकिटांच्या रकमेला पुरेल एवढी वाढवून ठेवावी. आमच्या बँकेने व्यवहार दोनदा फेटाळला, हेल्पलाइनवर 40 मिनिटं गेली आणि तोवर एका फेरीतल्या चार जागांपैकी दोनच उरल्या. दोघं एका फेरीत, दोघं दुसऱ्या फेरीत, असं करावं लागलं. तेव्हा आदल्या रात्री त्याच कार्डाने एखादी छोटी परदेशी खरेदी करून बघा. कार्ड चालतं की नाही ते तिथेच कळतं.

हो, आमची तारीख पाच आठवड्यांनी पुढे ढकलली म्हणून ही जागा मिळाली. ढकलता येत नसेल तर एक वाट उरते. दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्यांच्या मोजक्या जागा आदल्या दिवशी खिडकीवर विकतात: राजधानी वॅलेटाच्या टोकाला असलेल्या सेंट एल्मो किल्ल्यात आणि गोझो बेटावर. दर ऑनलाइनपेक्षा बराच जास्त असतो आणि जो आधी येईल त्याला तिकीट. बसस्थानक शहराच्या वेशीबाहेर, ट्रायटन कारंज्यापाशी आहे आणि किल्ला अगदी दुसऱ्या टोकाला. रिपब्लिक स्ट्रीट संपूर्ण चालून जायचा, म्हणजे सव्वा किलोमीटर तरी धरा. खिडकी उघडण्याआधी तासभर रांगेत असलात तर आशा आहे. सकाळी न्याहारी करून रमतगमत निघालात तर नाही. यासाठी मुक्कामाचा शेवटचा दिवस वापरू नका, कारण तिकीट 'उद्या'चं मिळतं.

सहा वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत. लहान मूल बरोबर असेल तर पालकांनी आळीपाळीने जायचं, म्हणजे दोन वेगळ्या फेऱ्या आल्या. बुकिंग करतानाच त्याचा विचार करा.

प्रत्यक्ष जाण्याच्या दिवशी: वॅलेटाहून पाओलाला भरपूर बसगाड्या आहेत, ते सोपं आहे. शोधायला त्रास होतो तो दाराचा. 1902 साली इथे नवी घरं बांधताना पाण्याची टाकी खोदणाऱ्या कामगारांना हे लेणं सापडलं, त्यामुळे आजही प्रवेशद्वार साध्या निवासी गल्लीत, घरांच्या ओळीतच आहे. मोठं प्रांगण, झेंडे, बसगाड्यांची रांग असं काही शोधू नका. पंधरा-वीस मिनिटं आधी पोचा, कारण फेरी सुरू झाल्यावर उशिरा आलेल्याला आत घेत नाहीत. कॅमेरा, फोन, पिशवी सगळं कपाटात ठेवावं लागतं. फोटो अजिबात नाही. आधी एक छोटी चित्रफीत दाखवतात, मग कानाला यंत्र लावून धातूच्या पायवाटेवरून खाली नेतात. दिवे टप्प्याटप्प्याने लागतात आणि मागचे विझतात, त्यामुळे मागे वळून 'तो कोपरा पुन्हा बघू' हे होत नाही. कशासाठी आलो आहोत हे आधी माहीत असलेलं बरं.

कशासाठी जायचं? मधल्या मजल्यावरच्या गाभाऱ्यासाठी. माल्टातली जमिनीवरची दगडी मंदिरं आज बिनछपराची उभी आहेत. छप्पर कसं होतं याचा सगळ्यात चांगला पुरावा इथे खाली आहे. कोरणाऱ्यांनी खडकातच खांब, तुळया आणि एकेक थर पुढे सरकवत आत झुकणारं छत दाखवलं आहे. बांधकामाला ज्याची गरज, ते खडकाला गरज नसताना कोरून ठेवलं. भाजे-कार्ल्याची चैत्यगृहं पाहिलेल्या माणसाला हे लगेच उमगतं. तिथेही लाकडी इमारतीचा घाट खडकात उतरवला आहे. फरक काळाचा आणि हत्यारांचा: माल्टाच्या या लोकांकडे धातू नव्हता, गारगोटी आणि शिंगांची हत्यारं होती.

इथे सुमारे 7000 माणसांचे अवशेष होते असा अंदाज आहे. 'होते' असंच म्हणावं लागतं. उत्खननाची सुरुवात करणारे फादर मॅन्युएल मागरी 1907 साली ट्युनिशियात वारले आणि त्यांची टिपणं पुढे मिळाली नाहीत. काम नंतर थेमिस्टोक्लीस झॅमिट यांनी पुरं केलं. हाडं बहुतेक सगळी गेली. या ठिकाणाविषयी इतके प्रश्न उघडे राहिले त्याचं मोठं कारण हेच आहे, आणि मला त्याची खरोखर हळहळ वाटते.

क्रम महत्त्वाचा आहे. आधी वॅलेटामधलं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय, मग हायपोजियम, मग टारशीनचं प्राचीन मंदिर. हायपोजियममध्ये सापडलेली 'निद्रिस्त स्त्री' ही भाजलेल्या मातीची मूर्ती संग्रहालयात आहे, जागेवर नाही. वीतभरही नाही, 12 सेंटीमीटर. काचेपुढे वाका, पलंगाच्या खालच्या बाजूच्या वेताच्या रेघाही दिसतात. टारशीनच्या मंदिरातले नक्षीचे मूळ दगड आणि भव्य पुतळ्याचा उरलेला खालचा भागही याच संग्रहालयात आहेत. मंदिरात ठेवल्या आहेत त्या प्रतिकृती. संग्रहालय टाळून थेट टारशीनला गेलेले लोक 'सगळं सिमेंटचं वाटलं' असं म्हणत परत येतात, ते यामुळे. टारशीन हायपोजियमपासून पायी दहा मिनिटांवर आहे. तिथे प्रचंड शिळांच्या जवळ पडलेले दगडी गोळे नक्की बघा. शिळा सरकवायला ते वापरले असावेत.

पास घ्यायचा असेल तर: अनेक ठिकाणांचा एकत्रित पास 30 दिवस चालतो, प्रत्येक जागी एकदा. त्यात पुरातत्त्व संग्रहालय, सेंट एल्मो, टारशीन, तसंच हजार ईम (Ħaġar Qim) आणि गोझोचं जगंतिया ही प्राचीन दगडी मंदिरं येतात. हायपोजियम येत नाही. वॅलेटामधलं सेंट जॉनचं कॅथेड्रलही येत नाही, त्याची व्यवस्था वेगळी आहे. पास घेऊन हायपोजियमच्या दारात उभे राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

कॅथेड्रलला पर्यटकांसाठी रविवारी प्रवेश नसतो. खांदे झाकलेले हवेत आणि टोकदार टाचांची पादत्राणं चालत नाहीत, कारण जमीन म्हणजे जवळपास 400 संगमरवरी थडग्यांचे रंगीत दगड आहेत. इटालियन चित्रकार कॅराव्हाज्जियोचं 1608चं 'सेंट जॉनचा शिरच्छेद' इथेच आहे, त्याने सही केलेलं एकमेव चित्र. सही रक्ताच्या ओघळात आहे, खाली बघा.

हजार ईम आणि मनायद्रा ही शेजारशेजारची मंदिरं एका तिकिटात होतात. वॅलेटाहून 74 नंबरची बस, पण ती वारंवार नाही, परतीची वेळ उतरतानाच बघून ठेवा. दोन्हींमध्ये अर्धा किलोमीटर उतार आहे, सावली नाही, येताना तोच चढ. 2009पासून वर मोठे तंबू आहेत, कारण हजार ईमचा दगड मऊ जातीचा, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने सोलला जातो. मनायद्राचा दगड जास्त टणक आहे. सकाळी जा.

नावांच्या स्पेलिंगने बसमध्ये घोटाळा होतो. माल्टी भाषेत एक्स म्हणजे श आणि क्यू जवळजवळ ऐकूच येत नाही. म्हणून Qim चं ईम, Qrendi गावाचं रेंदी, Xagħra गावाचं शारा. बसचालकाला 'क्रेंदी' म्हटलं तर समजत नाही असं नाही, पण तो दोनदा विचारतो.

गोझोला माल्टा बेटावरच्या चिरकेव्वा धक्क्याहून जाणाऱ्या मोठ्या फेरीबोटीत जाताना कोणी तिकीट विचारणार नाही, घाबरू नका. पैसे परत येताना गोझोतल्या इमजारच्या धक्क्यावर द्यायचे असतात.

आणि तिकिटाबद्दल भारतातून फोन करायचा असेल तर उन्हाळ्यात माल्टा आपल्या साडेतीन तास मागे असतं, हिवाळ्यात साडेचार. तिथे सकाळी नऊला कार्यालय उघडतं तेव्हा आपल्याकडे साडेबारा किंवा दीड वाजलेला असतो. मी पहिल्या दिवशी सकाळी नऊला इथून फोन लावत बसले होते.