शनिवारवाडा जोत्यांवरून वाचताना

शनिवारवाडा पाहून आलेले बरेच जण सांगतात, "आत काही उरलेलं नाही." मला हे अजिबात पटत नाही. 1828 च्या आगीत लाकूड आणि त्यावर उभे असलेले मजले गेले. दगडातलं पुष्कळसं आहे तिथेच आहे. 10 जानेवारी 1730 रोजी पायाभरणी झालेल्या या वाड्याचा नकाशा आजही जमिनीवर वाचता येतो.

दिल्ली दरवाजातून आत गेलात की लगेच हिरवळीकडे वळू नका. जिना खुला असेल तर आधी तटावर चढा. वरून चौक आणि जोत्यांच्या, म्हणजे इमारती ज्यावर उभ्या होत्या त्या दगडी चौथऱ्यांच्या, रेषा एका नजरेत येतात. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर गेलेलं बरं, कारण तिरप्या उन्हात दोन-चार इंचांच्या कडेचीही सावली पडते. भर दुपारी सगळं सपाट दिसतं.

मग खाली उतरून तळखडे शोधा. तळखडा म्हणजे खांबाखालचा दगड. ते एका ओळीत लागले की दोन तळखड्यांमधला एक खण, आणि किती खण यावरून सोपा (म्हणजे ओसरी) किंवा दिवाणखाना किती लांब होता ते कळतं. अंतर मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं. कडेपासून कडेपर्यंत मोजलंत तर दगडाची रुंदी सुटते आणि पुढचा सगळा हिशेब आखडतो. फरसबंदी खाली, पाणी जायला वाट, तळखडा नाही, तर तो बहुधा उघडा चौक. हजारी कारंज्याचं सोळा पाकळ्यांचं कमळ जरा वेळ थांबून पाहा. आग आणि पडझड सोसून वाड्यातली हौस दगडात टिकली ती इथे.

फसगत होते ती नव्या बांधकामामुळे. बागेच्या वाटांच्या कडा हुबेहूब जोत्यासारख्या दिसतात. म्हणून रेष शेवटपर्यंत चालत जा. जोतं कुठेतरी काटकोनात वळतं, पायरीला किंवा दुसऱ्या भिंतीला भिडतं. वाटेची कड नुसतीच संपते. सांध्यात सिमेंट दिसलं तर तेवढी डागडुजी अलीकडची.

उंचीचा अंदाज मात्र जोत्यांवरून येत नाही. किती मजले होते, हे जमीन सांगत नाही. त्यासाठी जवळच्या नानावाड्यातले सुरूदार (सुरूच्या झाडासारखे निमुळते) खांब आणि महिरपी पाहा. थॉमस डॅनियलने 1805 मध्ये रंगवलेलं पेशवे दरबाराचं चित्रही उपयोगी आहे, पण ते जेम्स वेल्स या दुसऱ्या चित्रकाराच्या रेखाटनांवरून नंतर केलेलं. सजावट त्यातून घ्यावी, मापं घेऊ नयेत. पेशवे दफ्तरातल्या मोडी कागदांत दालनाचं नाव सापडलं, तरी ते कुठल्या जोत्यावर होतं हे वेगळं ताडून पाहावं लागतं.

नकाशा काढाल तेव्हा पाहिलेलं अखंड रेषेने आणि अंदाजाने भरलेलं तुटक रेषेने दाखवा. नाहीतर पुढचा माणूस तुमचा अंदाजच पुरावा म्हणून धरेल.