रेस्टॉरंट वीक आणि वालाचे बिरडे

यंदा पितृपंधरवड्यात ठाणे आणि नवी मुंबईतील काही उपाहारगृहांनी एकत्र येऊन रेस्टॉरंट वीक ठेवला होता. एक स्टार्टर, एक मुख्य पदार्थ आणि शेवटी काहीतरी गोड असे ठरलेले जेवण माणशी ७५० रुपये अधिक कर या दरात मिळणार होते, आणि त्यासाठी टेबल आधी राखून ठेवणे आवश्यक होते. पंधरवड्यात घरोघरची शुभकार्ये थांबलेली असतात, त्यामुळे हॉटेलांतील गर्दीही ओसरते. अशा मंदीच्या दिवसांत नव्या ग्राहकांनी एकदा तरी येऊन जावे, हा योजनेमागचा हेतू उघड आहे आणि त्यात गैर काहीच नाही. एरवी ज्या ठिकाणी जाण्यापूर्वी खिशाचा विचार करावा लागतो, अशी काही नवी ठिकाणे या निमित्ताने पाहून घ्यावीत म्हणून मी आणि आई त्या आठवड्यात बाहेर पडलो.

ही कल्पना मूळची न्यूयॉर्कची. १९९२ मध्ये तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्रीय अधिवेशन भरले होते आणि त्या वेळी उपाहारगृहांची मार्गदर्शिका काढणारे टिम झगाट आणि उपाहारगृह-व्यावसायिक जो बॉम यांच्या पुढाकाराने शहरातील नामांकित उपाहारगृहांनी चार दिवस दुपारचे जेवण १९.९२ डॉलरला दिले. सालाचा आकडाच किंमत म्हणून घेतला होता. मुंबईत असे सप्ताह २०१० पासून होऊ लागले. यातील खरी गंमत सवलतीपेक्षा स्वयंपाकघराच्या गणितात आहे असे मला वाटते. रोजच्या मेन्यूकार्डावर पन्नास-साठ पदार्थ असतील, तर कोण काय मागेल हे ठाऊक नसताना सगळ्यांची तयारी ठेवावी लागते आणि त्यातले बरेच वाया जाते. पदार्थ मोजके आणि येणारी माणसे आधीच ठाऊक असली, की खरेदी नेमकी होते आणि माणसांचा वेळही वाचतो. हा वाचलेला पैसा आणि वेळ पानात पुन्हा घालायचा की नुसताच गल्ल्यात टाकायचा, हे प्रत्येक मालक आपापल्या परीने ठरवतो, आणि त्या ठरवण्यावरूनच मी या ठिकाणांची पारख केली.

घोडबंदर रस्त्यावरील एका इटालियन ठिकाणी हा निर्णय दारातच कळला. सप्ताहाचे नाव सांगताच आम्हाला स्वच्छतागृहाजवळचे टेबल मिळाले आणि नेहमीच्या कार्डाऐवजी एक सुटा कागद हाती आला, ज्यावर त्यांच्या लाकडाच्या भट्टीतला एकही पिझ्झा नव्हता. ज्या पदार्थासाठी जागेची ख्याती आहे तोच वगळून आलेल्या माणसाला काय दाखवायचे असते, हे मला समजले नाही. पांढऱ्या सॉसमधला पास्ता गार झालेला होता आणि बिलात दहा टक्के सेवाशुल्क आपोआप जोडलेले होते. सेवाशुल्क असे परस्पर लावता येत नाही, हे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच स्पष्ट केले होते आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवले. तसे नम्रपणे सांगितल्यावर त्यांनी ते काढले. पाच टक्के जीएसटी द्यावाच लागतो, तो आम्ही आनंदाने दिला आणि वाढणाऱ्या मुलाच्या हातात वेगळी बक्षिसी ठेवली, कारण त्याच्याकडून काहीच चुकले नव्हते.

उपवनच्या बाजूला एका आशियाई ठिकाणी डिमसम चांगले होते, बाकी सांगण्यासारखे फारसे नाही.

नेरूळला मात्र ट्रान्सहार्बरच्या लोकलने गेल्याचे सार्थक झाले. तिथल्या छोट्या केरळी उपाहारगृहाने सप्ताहासाठी वेगळे काहीच न करता आपलेच अप्पम आणि भाज्यांचे इश्टू ठेवले होते. अप्पमचे पीठ आंबण्यासाठी पुरेसा वेळ दिला होता हे पहिल्या घासातच कळत होते: कडा जाळीदार आणि कुरकुरीत, मध्यभाग लुसलुशीत, आणि आंबटपणा अगदी बेताचा. नारळाच्या दुधातल्या इश्टूत मिरी दिसत होती आणि लागतही होती. अप्पम संपत आले की गरम दुसरे पानात येत होते, त्याचे वेगळे पैसे नव्हते.

आणि मग पाचपाखाडीतील ते सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभू, पद्धतीच्या जेवणाचे नवे ठिकाण. आमच्या घरी सीकेपी स्वयंपाक रोजचाच, त्यामुळे आई तिथे थोड्या साशंकतेनेच आली होती. पंधरवडा असल्याने त्यांनी सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, खिचडी बाजूला ठेवून मुख्य पदार्थ म्हणून वालाचे बिरडे ठेवले होते. कडवे वाल भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक दाणा सोलायचा, एवढा उपद्व्याप हॉटेलात कोण करणार, असा माझाही समज होता. वाटी समोर आली तेव्हा आईने आधी चमच्याने दाणे बाजूला सारून पाहिले. एकाही दाण्यावर साल राहिलेले नव्हते, डाळिंब्या, म्हणजे सोललेले वाल, अखंड होत्या आणि बोटाने दाबताच मऊ होत होत्या. रस्सा दाट नव्हता, वर खोबरे-कोथिंबीर आणि आमसुलाचा आंबटपणा गुळाने जेमतेम सावरलेला. वालाचा मूळचा कडवटपणा त्यांनी गोडाखाली दडपला नव्हता, हे मला सर्वांत भावले.

मालकीणबाई विचारपूस करायला आल्या, तेव्हा आईने थेट विचारले, “वाल कधी भिजवलेस गं?”

“सोमवारी रात्री, काकू. काल बांधून ठेवले होते, आज सकाळी आम्ही तिघींनी बसून सोलले.” मग त्या म्हणाल्या, “रोजच्या मेन्यूवर हे ठेवणे परवडत नाही. किती जण मागतील याचा भरवसा नसतो, आणि उरले तर तिघींची सकाळ फुकट जाते. या आठवड्यात बुकिंगमुळे आकडा आधी कळतो, म्हणून हिंमत केली.”

मला वाटते, अशा सप्ताहाचा याहून चांगला उपयोग होऊ शकत नाही. जो पदार्थ एरवी हॉटेलात करणे अशक्य होते, तो चाळीस पाने नक्की आहेत म्हटल्यावर शक्य होतो, आणि त्याच ७५० रुपयांत घोडबंदर रस्त्यावर आम्हाला गार पास्ता मिळाला होता. पुढच्या सप्ताहात कोठे जावे असे कोणी विचारले, तर मी दराआधी मेन्यू वाचायला सांगेन. त्या उपाहारगृहाचा स्वतःचा पदार्थ त्यात आहे का, आणि आधी तयारी केल्याशिवाय न होणारे काही आहे का, एवढे पाहिले तरी पुरते.

पाचपाखाडीच्या त्या ठिकाणी आता दर रविवारी दुपारी बिरडे मिळते, मात्र त्याची मागणी गुरुवारी रात्रीपर्यंत फोनवर नोंदवावी लागते. निघताना आईने निनावाचीही चौकशी केली. बेसन, गूळ आणि नारळाच्या दुधाचे ते पक्वान्न किमान दहा जणांनी मागितले तर करू, असे त्यांनी सांगितले आहे, आणि नौपाड्यातील नातलगांना मी एकेक करून विचारू लागले आहे.