आन्ना मान्यानी : रोमच्या गल्लीतला आवाज

पीनाचे लग्न त्याच दिवशी व्हायचे असते, तिच्या पोटात मूल असते, आणि जर्मन सैनिक तिच्या फ्रान्चेस्कोला ट्रकमध्ये कोंबून नेत असतात. त्याच्या नावाने ओरडत ती ट्रकमागे धावत सुटते, गोळी लागते आणि ती रस्त्यावर कोसळते. दिग्दर्शक रोबेर्तो रोस्सेलिनी यांच्या ‘रोम, ओपन सिटी’मधला हा प्रसंग मिनिटभराचाही नसेल, पण पीना साकारणारी इटालियन अभिनेत्री आन्ना मान्यानी जगाला माहीत झाली ती त्यामुळे. चित्रपट 1945 चा. 1952 साली मुंबईत भरलेल्या भारतातल्या पहिल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला होता.

हा चित्रपट आला तेव्हा ती सदतीस वर्षांची होती. रोममध्ये 7 मार्च 1908 रोजी जन्मलेल्या आन्नाला वडिलांचे छत्र कधी लाभले नाही. आजीने तिला वाढवले. नाट्यशिक्षण घेतानाच ती रात्रीच्या क्लबांत गाऊन चार पैसे मिळवत असे, आणि युद्धकाळात विनोदी नट तोतोबरोबर तिने रंगमंच गाजवला. दिग्दर्शक लुकिनो विस्कोंती यांना आपल्या पहिल्याच चित्रपटात ती हवी होती, परंतु ती गरोदर असल्यामुळे ती भूमिका दुसरीकडे गेली. 1942 मध्ये जन्मलेल्या तिच्या मुलाला, लूकाला, लहानपणीच पोलिओ झाला.

विस्कोंतींबरोबर काम करण्याचा योग पुढे 1951 मध्ये ‘बेल्लीसिमा’च्या निमित्ताने आला, आणि माझ्या मते तिचे सर्वांत मोठे काम तेच आहे. घरोघरी जाऊन इंजेक्शने देणारी मद्दालेना आपल्या लहानग्या मुलीला सिनेमात घेतले जावे म्हणून पोटाला चिमटा घेऊन जमवलेली पुंजी उधळते. मुलीची पडदा-चाचणी पाहताना मोठी माणसे त्या रडणाऱ्या पोरीला हसत आहेत, हे ती प्रक्षेपण खोलीतून चोरून पाहते. इतका वेळ अखंड बडबडणारी, भांडणारी, हातवारे करणारी ही बाई तिथे गप्प होते, आणि मान्यानीच्या चेहऱ्यावर आशा विझताना स्पष्ट दिसते. पुढे करारपत्र घरी येते, तेव्हा ती सही करायला नकार देते.

ऑस्कर मात्र तिला मिळाले ते अमेरिकी चित्रपटासाठी. नाटककार टेनेसी विल्यम्स यांनी ‘द रोझ टॅटू’ हे नाटक तिलाच डोळ्यांसमोर ठेवून लिहिले होते. इंग्रजी कच्चे असल्याने तिने ब्रॉडवेवरचा प्रयोग नाकारला, पण 1955 च्या चित्रपटात ती बर्ट लँकेस्टरसमोर उभी राहिली. अभिनयाचे मुख्य ऑस्कर मिळवणारी ती पहिली इटालियन अभिनेत्री. समारंभाच्या वेळी ती रोममध्ये घरीच होती.

रोस्सेलिनी यांनी तिच्याशी असलेले प्रेमसंबंध तोडून अभिनेत्री इन्ग्रिड बर्गमनची वाट धरली, आणि 1949 मध्ये ते ‘स्ट्रॉम्बोली’ चित्रित करत असताना जवळच्याच बेटावर मान्यानीने ‘वुल्कानो’ केला. वृत्तपत्रांनी त्यावर यथेच्छ ताव मारला. मला त्या भांडणापेक्षा 1962 ची ‘मम्मा रोमा’ महत्त्वाची वाटते. पासोलिनींच्या या चित्रपटात वेश्याव्यवसाय सोडून मुलासाठी भाजीची गाडी लावणारी आई तिने उभी केली. 1972 मध्ये फेलिनींच्या ‘रोमा’त ती आपल्या घराच्या दारात क्षणभर दिसते, ‘माझा तुझ्यावर भरवसा नाही’ असे त्यांना सुनावते आणि दार लावून घेते.

पुढच्याच वर्षी, 26 सप्टेंबर रोजी, कर्करोगाने तिचे रोममध्ये निधन झाले. अंत्ययात्रेला जमलेल्या लोकांनी तिला टाळ्या वाजवून निरोप दिला, आणि सुरुवातीला तिला ज्या दफनगृहात ठेवले गेले, ते रोस्सेलिनी कुटुंबाचे होते.