उदबत्तीच्या धुराने दाखवलेली वाट

कॉम्प्युटरसाठी सायलेंट कॅबिनेट, म्हणजे आवाज दाबणारी पेटी, घेतलं आणि तरी मशीन घोंघावतंय, ही तक्रार ठाण्यात एप्रिल लागला की माझ्याकडे हमखास येते. बहुतेक वेळा फिल्टर साफ केला, पंख्यांची सेटिंग नीट लावली की काम भागतं. घोडबंदर रोडला कासारवडवलीकडच्या एका टॉवरमधली ही केस मात्र वेगळी निघाली. कॉम्प्युटर जुळवणं आणि दुरुस्त करणं हा माझा रोजचा धंदा आहे, तरी त्या दिवशी जे डोळ्यांनी दिसलं ते इतकं स्पष्ट मी आधी पाहिलं नव्हतं.

ताई आवाजाचं काम करतात. ऑडिओबुक, लहान मुलांच्या गोष्टींचे व्हिडिओ, अधूनमधून डबिंग. बेडरूमच्या कोपऱ्यात टेबल, टेबलावर माईक, खाली कॉम्प्युटर. आत आरटीएक्स ३०८० ग्राफिक्स कार्ड आणि भोवती फोम लावलेलं, समोरून बंद दाराचं कॅबिनेट. चार पैसे जास्त मोजून ते त्यांनी मुद्दाम माईकसाठीच घेतलं होतं. मुलगी शाळेतून येईपर्यंतचाच वेळ हाताशी, म्हणून एकीकडे व्हिडिओचं रेंडर, म्हणजे तयार व्हिडिओची फाइल बनवणं, आणि दुसरीकडे रेकॉर्डिंग असं त्यांचं चालायचं. रेकॉर्डिंगला बसताना एसी बंद, छताचा पंखा बंद, खिडक्या बंद. म्हणजे माईकला शांतता हवी असते नेमकी तेव्हाच कार्डाच्या वाट्याला सगळ्यात गरम हवा येते.

"दादा, आधी हे ऐका," म्हणत त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिले. गोष्टीतल्या म्हातारीचा सुंदर आवाज, आणि त्याच्यामागे सलग घूंऽऽ. मग तोच भाग त्यांनी नॉइज रिडक्शन लावून ऐकवला. घूं गेली, पण 'हळूहळू' मधला 'ह' अर्धा उडाला होता आणि 'श' पत्र्यावर घासल्यासारखा येत होता. पंख्याच्या वाऱ्याचा आवाज एका सुरात नसतो, तो सगळ्या पट्टीत पसरलेला असतो. तो पुसायला गेलं की बोलण्यातली श्वासाची अक्षरंही त्याच्याबरोबर पुसली जातात. काही ऑडिओबुक प्लॅटफॉर्म पार्श्वभूमीचा आवाज मायनस ६० डेसिबलच्या खाली मागतात. ताईंच्या फाइलमध्ये तो मायनस ४७ च्या आसपास होता. काम परत येत होतं आणि त्या अगदी कातावून गेल्या होत्या.

आधी येऊन गेलेल्या एका कारागिराने कॅबिनेटच्या बाजूच्या फटींवर आतून आणखी फोम चिकटवला होता आणि कार्डाला वॉटर कूलिंग करायचा सल्ला दिला होता. वॉटर कूलिंग वाईट नाही. पण उष्णता पाण्यात गेली तरी शेवटी रेडिएटरमधून ती हवेतच सोडायची असते. हवेलाच जायला वाट नसेल तर मधे पाणी आणून काय मिळणार? आणि फटी बुजवण्याचं तर मला खरंच वाईट वाटलं. अशा कॅबिनेटला हवा मिळते ती तेवढ्याच बोटभर रुंद फटींतून.

रेंडर चालू करून एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आकडे बघत बसलो. कार्डाच्या मुख्य चिपचं, म्हणजे गाभ्याचं तापमान ८४, त्याच चिपवरची सगळ्यात गरम जागा म्हणजे हॉटस्पॉट ९७, मेमरी १०६ आणि कार्डाचे पंखे २७०० आरपीएमच्या वर. गाभा आणि हॉटस्पॉट यांच्यात १३ अंशांचा फरक होता. हा फरक पंचवीस-तीसवर गेला की चिप आणि तिच्यावरच्या धातूच्या हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी पेस्ट गेली असं मी समजतो. इथे तसं काही नव्हतं, म्हणजे कार्ड खोलायची गरज नव्हती. मेमरी मात्र काळजीत टाकणारी. या कार्डावरची जीडीडीआर६एक्स मेमरी मुळातच तापट, ११० च्या आसपास पोचली की कार्ड स्वतःच वेग कमी करून स्वतःला वाचवतं. आपण त्या कड्याच्या टोकावर उभे होतो.

आता खोलीत माणसाला ३१ अंश जाणवत असेल तर कार्डालाही ३१ चीच हवा मिळते असं आपण धरून चालतो. मी ते धरून चालत नाही. मल्टिमीटरला लावायचं थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजायची तार, माझ्या पेटीत कायम असतं. त्याची तार कॅबिनेटच्या पुढच्या फटीशी नेऊन धरली. आकडा चढत चढत ४४ वर जाऊन थांबला.

कारण टेबलातच होतं. इंटिरियरवाल्याने कॉम्प्युटरसाठी म्हणून एक सुरेख कप्पा केला होता. दोन्ही बाजूंना प्लाय, वर प्लाय, मागे प्लाय, सगळ्याला आतून-बाहेरून सनमायका, आणि मागच्या कोपऱ्यात वायरींसाठी एक गोल भोक. पुढे शटर. ते ताई उघडं ठेवत होत्या, तेवढं बरं. ठाण्यातल्या नव्या फ्लॅटमध्ये असले कप्पे मी घरोघर बघतो. दिसायला नीटनेटके, वायरींचा पसारा दिसत नाही, झाडू मारायला सोपं.

घरातल्यांना मी म्हटलं, मागचा प्लाय कापावा लागेल. ताईंचे मिस्टर नाराज झाले, आणि ते स्वाभाविक होतं. वर्षही न झालेलं फर्निचर, त्याला करवत लावायची म्हणजे जिवावर येणारच. "मशीन गरम होतंय ते मशीनमुळे ना? टेबलाचा काय संबंध?" त्यांनी विचारलं. आकडे सांगून हे पटत नाही. मी घरातल्या काकूंकडे उदबत्ती मागितली. त्यांनी देवघरातली पेटवून आणून दिली.

खोलीत वारा नव्हताच. उदबत्ती मी कॅबिनेटच्या मागच्या पंख्याजवळ धरली. धूर मागे गेला, प्लायवर आपटला, तिथून बाजूच्या चार बोटांच्या जागेतून सरकत पुढे आला आणि पुढच्या फटींपाशी येऊन आत ओढला गेला. अगदी दोऱ्यासारखा, डोळ्यांदेखत. जी हवा कार्डाने तापवून बाहेर टाकली तीच फिरून कार्डाच्या तोंडाशी. तिघंही वाकून बघत होते. मिस्टरांनी स्वतः उदबत्ती हातात घेऊन दुसऱ्या बाजूने धरून पाहिली, तिथेही तेच. मग ते सोसायटीतल्या सुताराला फोन लावायला उठले.

सुतार येईपर्यंत मशीन कप्प्यातून बाहेर ओढून जमिनीवर ठेवलं. रेंडर चालूच होतं. थोड्या वेळात गाभा ७७ वर आला आणि पंख्यांचा सूर खाली उतरला. मग बाजूचं पॅनल काढलं, तर आणखी सहा अंश उतरले. कप्पा हा एक अडथळा होता, पण कॅबिनेटच्या आतही दुसरा होता. पॅनल काढल्यावर मोठा फरक पडला तर दोष हवेच्या वाटेत, फारसा पडला नाही तर दोष कार्डाच्या हीटसिंकमध्ये किंवा पेस्टमध्ये. ही परीक्षा फुकट आहे आणि कोणालाही करता येते.

हिशेब साधा आहे. ३०८० चं ठरलेलं वॅटेज ३२०. त्याच्या तीन पंख्यांच्या कूलरमधली गरम हवा थेट मागून बाहेर जात नाही, ती कडांवरून कॅबिनेटमध्येच सांडते. त्यात प्रोसेसर आणि बाकीचं धरलं की ४५० वॅटपर्यंत उष्णता एका बंद पेटीत. आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत १० अंशांचाच फरक ठेवायचा असेल तर सेकंदाला सुमारे ४० लिटर हवा त्या पेटीतून वाहायला हवी. इथे पुढे एकच पंखा होता, त्याच्यासमोर रिकामा हार्ड डिस्कचा पिंजरा आणि फिल्टरवर करड्या रंगाचा थर. घोडबंदर रोडला मेट्रोचं आणि इमारतींचं काम चालू, सिमेंटची धूळ आणि खाडीकडची दमट हवा. नखाने खरवडला तर तो थर नमद्यासारखा सलग सुटून आला.

फिल्टर धुवून वाळवला, कारागिराने चिकटवलेला फोम काढला, पिंजरा काढला. पुढे १४० मिलिमीटरचे दोन पंखे बसवले. कॅबिनेटच्या वरच्या भागात पुढच्या बाजूला हवा बाहेर टाकणारा एक पंखा होता. तो पुढून आलेली गार हवा कार्डापर्यंत पोचायच्या आधीच वरून बाहेर फेकत होता. तो तिथून काढून एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, आवरणावरच्या जाळीवर, कार्डाच्या बरोबर खाली, वर फुंकणारा लावला आणि वरचं भोक कॅबिनेटबरोबर आलेल्या फोमच्या झाकणाने बंद केलं. हवेला वाट व्हावी म्हणून कार्डाखालच्या रिकाम्या स्लॉटच्या दोन पट्ट्या काढल्या. झाकायला इथेही फोमच, पण आता योग्य जागी.

जास्त पंखे म्हणजे जास्त आवाज, अशी शंका ताईंना आली. पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो, आणि तसाच दुसरा पंखा शेजारी लावला तर वाढतो फक्त ३ डेसिबल. म्हणून मोठे आणि सावकाश फिरणारे पंखे मला नेहमी आवडतात. हे दोन ७५० आरपीएमवर ठेवले, कानाला कळतही नाहीत.

एक गोष्ट मात्र बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. मदरबोर्ड कॅबिनेटचे पंखे सहसा प्रोसेसरच्या तापमानावर चालवतो. रेंडर कार्डावर चालू असतं, प्रोसेसर निवांत, त्यामुळे कॅबिनेटचे पंखे आळसावलेले आणि कार्ड बिचारं आत भाजतंय. फॅन कंट्रोल नावाच्या मोफत सॉफ्टवेअरने ते पंखे कार्डाच्या तापमानाला जोडले, आणि दोन-चार अंशांच्या चढउताराला त्यांनी दाद देऊ नये असं बसवलं. सलग हलका आवाज कान विसरतो, पण वरखाली होणारा विसरत नाही, आणि माईक तर नाहीच.

मग आफ्टरबर्नर या कार्डाची सेटिंग बदलायच्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाची विजेची मर्यादा २७० वॅटवर आणली. रेंडरला लागणारा वेळ किंचितच वाढला, ताईंना फरक जाणवला नाही. शेवटच्या वीस टक्के विजेतून कार्ड फार थोडं काम जास्त देतं, उष्णता मात्र पुरेपूर देतं. आवाजाच्या खोलीत असलेल्या कार्डाला मी हे करतोच.

सुताराने मागच्या प्लायला एक फूट बाय एक फूट चौकोन कापला, कडांना पट्टी मारली आणि टेबल भिंतीपासून चार इंच पुढे ओढलं, म्हणजे गरम हवा भिंतीलगत वर जाईल. मिस्टरांनी पुन्हा उदबत्ती लावली. धूर चौकोनातून मागे गेला आणि भिंतीवरून सरळ वर चढला, पुढे आला नाही.

एसी-पंखा बंद करून, तेच रेंडर लावून पुन्हा मोजलं. पुढच्या फटीशी ३२, गाभा ७०, मेमरी ८८, कार्डाचे पंखे १३०० च्या आसपास. ताईंनी काही न बोलता अर्धा मिनिट नुसती शांतता रेकॉर्ड केली, मीटर बघितला. मायनस ६२. मग त्यांनी म्हातारीचा तोच परिच्छेद पुन्हा वाचला, नॉइज रिडक्शन न लावता ऐकवला, आणि 'हळूहळू' मधले दोन्ही 'ह' जागेवर होते. "आता हा भाग आजच पाठवते," म्हणून त्या लगेच एडिटिंगला बसल्या.

फिल्टर दर पंधरा दिवसांनी काढून धुवायचा, मेट्रोचं काम आटोपेपर्यंत तरी, असं सांगून निघालो. त्याच टॉवरमध्ये त्या इंटिरियरवाल्याने याच डिझाइनची आणखी टेबलं बसवली आहेत असं सुताराकडून कळलं. मिस्टरांकडून त्याचा नंबर घेतला आणि चौकोनाचा फोटो मापांसकट पाठवला: मागे एक फूट बाय एक फूट, भिंतीपासून चार इंच, पुढचं शटर नकोच. संध्याकाळी त्याचा फोन आला. नव्या ऑर्डरमध्ये मागचा प्लाय काढूनच टाकला तर टेबल हलणार नाही ना, एवढंच त्याला विचारायचं होतं. मी म्हटलं, वर आणि खाली एकेक आडवी पट्टी ठेवा, मधलं सगळं मोकळं सोडा.